निशाणी शिलाई मशीन

शुक्रवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवायच्या आत मी एक निर्णय घेऊन टाकला. घरातलं शिलाई मशीन मेव्हण्याला संध्याकाळपर्यंत वापरायला द्यायचं. एवढंच. माझ्या वयाच्या माणसाने चहा पिताना निर्णय घेऊ नयेत, हे मला आता कळलं आहे. (चहा नसताना तर मुळीच घेऊ नयेत.)

मेव्हणा म्हणजे मल्लिकार्जुन. यंदा उदगीरच्या नगर परिषदेला तो आमच्या प्रभागातून अपक्ष उभा होता. पक्षांची चिन्हं पक्षांकडे असतात, अपक्षांच्या वाट्याला घरातल्या वस्तू येतात. कुणाला इस्त्री, कुणाला कढई, कुणाला छताचा पंखा. मल्लिकार्जुनला शिलाई मशीन मिळालं होतं. घरोघरी सापडणारं चिन्ह मिळालं की उमेदवार खूश होतो. ज्याच्या घरात ते सापडतं त्याचं काय होतं, ते पुढे सांगतो.

“दाजी, पुठ्ठ्याचं मशीन कोण बघून राहिलंय,” तो म्हणाला. “खरं मशीन टेम्पोवर ठेवतो अन् गल्लीगल्लीत फिरवतो. बाकीचे बॅनरवरच राहतील.”

“मग एखादं विकत घे की.”

“घेतलं असतं. पण हे ताईचं हाय. आमच्या अप्पानं तिच्या लग्नात दिलेलं. तिचा हात फिरलाय ह्याच्यावर. मत न्हाई पडलं तरी चालंल दाजी, पण ताईचा आशीर्वाद टेम्पोवर पाहिजे.”

मी मशीनपुढचं स्टूल बाजूला केलं. राजकन्येला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन बरेच दिवस झाले. तरी तिचं नाव कुणी काढलं की मी ‘हो’ म्हणून मोकळा होतो. हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. मशीन उचलताना त्याचं पायडल उंबऱ्याला आपटलं तेव्हा काहीतरी चुकतंय असं वाटून गेलं, पण तोवर टेम्पो चालू झाला होता.

माझी मुलगी पुनम त्या वेळी अस्तर आणायला बाजारात गेली होती. बी.कॉम. झाल्यापासून ती आईच्या मशीनवर ब्लाउज शिवते आणि आमच्या भागात तिच्या हाताला नाव आहे. ती आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि खिडकीखालच्या रिकाम्या फरशीकडे बघत उभी राहिली. मशीनच्या पायांचे डाग तेवढे तिथे उरले होते.

“बाबा, मशीन?”

“मामाने नेलं. संध्याकाळी येईल.”

“कशाला?”

“प्रचाराला.”

तिने पिशवीतलं अस्तर काढलं आणि त्याची घडी घातली. (तिची आई अशा वेळी निदान भांडी तरी वाजवायची. त्याने माणसाला अंदाज येतो.)

“गल्लीतल्या प्रियदर्शनीचे पाच ब्लाउज सोमवारी द्यायचेत,” ती शेवटी म्हणाली. “मंगळवारी तिची हळद हाय, गुरुवारी लगीन. कापून ठेवलंय सगळं, एक टाका पडला न्हाई. सोमवारी दिले न्हाई तर ती पोरगी बोहल्यावर काय घालणार, अन् मला पुन्हा कोण काम देणार?”

“दुसऱ्या कुणाचं मशीन...”

“लगीनसराईत कोण मशीन रिकामं ठेवतंय, बाबा? तुमच्यासारखं?”

संध्याकाळ झाली, मशीन आलं नाही. मल्लिकार्जुनचा फोन आला. “दाजी, मशीनला लई रिस्पॉन्स हाय. उद्याच्या दिवस राहू द्या.” आणि मशीनऐवजी आमच्या दारात कावेरीबाई आल्या.

कावेरीबाई म्हणजे शेजारीण. राजकन्या गेल्यापासून त्यांच्या घरची ज्वारीची भाकरी अधूनमधून आमच्याकडे येते, त्यामुळे त्यांच्यापुढेही मला नाही म्हणता येत नाही. त्या याच प्रभागातल्या महिलांच्या जागेवर उभ्या होत्या. त्यांची निशाणी प्रेशर कुकर.

“मुनीमभाऊ, मेव्हण्याला मशीन दिलं म्हणं. आमी काय परके हाव?”

“तसं नाही, पण तुमच्या घरी कुकर असेलच की.”

“हाय. पण काळा पडलाय, रोजचा वापर हाय त्याला. तुमचा कसा नव्यासारखा चमकतो.” (आमचा कुकर का चमकतो, यावर त्यांना अधिक बोलायचं नव्हतं, मलाही नव्हतं.)

कुकर गेला. मी दाळमिलमध्ये मुनीम आहे, दिवसभर तुरीच्या डाळीत असतो, आणि त्या रात्री आमच्या घरी पातेल्यातली डाळ शिजायलाच तयार नव्हती. पुनमने ती तशीच वाढली. मी ती चावून खाल्ली.

शनिवारी सकाळी मिलमध्ये सुट्टी मागायला गेलो. आता टेम्पोवर स्वतः बसायचं आणि मशीन घेऊनच उतरायचं, असं मी ठरवलं होतं. आमचे शेठ शेषेराव थेट नगराध्यक्षपदाला उभे होते. निशाणी खाट.

“सुट्टी घ्या की,” शेठ म्हणाले. “तुमच्याकडं सागवानी खाट हाय म्हणं?”

म्हणजे मतदाराला यंदा तीन बटणं दाबायची होती, दोन नगरसेवकांची आणि एक अध्यक्षाचं, आणि तिन्ही बटणांवरचं सामान माझ्या घरातलं होतं. एवढी सत्ता उदगिरात कुणाच्या हाती नव्हती. झोपायला मात्र फरशी होती.

टेम्पोवर चढलो तर मशीनला चारी बाजूंनी सुतळी बांधलेली, गळ्यात झेंडूचा हार, चाकावर हळद आणि सुईच्या टोकापर्यंत कुंकू. गल्लीगल्लीतल्या बायकांनी त्याची पूजा केली होती. रस्त्यात खड्डा आला की मशीन एकीकडे कलायचं, म्हणून मी स्टूल घेऊन त्याच्या मागे बसलो आणि दोन्ही हातांनी त्याला धरून ठेवलं. पाय आपोआप पायडलवर गेले.

हीच माझी चूक झाली. मशीनमागे स्टुलावर बसलेल्या माणसाला उदगिरात एकच अर्थ असतो.

पहिल्याच चौकात एक आजी पुढे आल्या आणि त्यांनी नातवाची पँट माझ्या मांडीवर टाकली. “खालून दुमडून शिवा. लांब झालीय.”

“आजी, मी शिवत नाही.”

“मग बसून काय करून राहिलाव?”

मी पँट उलटीसुलटी करून पाहिली. मल्लिकार्जुन माइक बाजूला धरून माझ्या कानाशी आला. “दाजी, न्हाई म्हणू नका. त्यांच्या घरात मतं लई हाईत.” आणि माइकमध्ये म्हणाला, “माताभगिनींनो, हे मशीन तुमचंच हाय.”

माताभगिनींनी ते मनावर घेतलं. कुणी खण आणला, कुणी उसवलेला परकर, कुणी शाळेचा गणवेश. एका गृहस्थाने घोंगडं आणलं. नाही म्हणायचं नाही असं ठरलेलं असल्यामुळे मी सगळं घेत गेलो आणि कुठलं कुणाचं हे लक्षात राहावं म्हणून प्रत्येकाकडे एकदा नीट बघत गेलो. (काही बायकांना ते आवडलं नाही.) दुपारपर्यंत मी कपड्यांच्या ढिगात कमरेपर्यंत बुडालो होतो आणि मशीन दिसेनासं झालं होतं.

तेवढ्यात निवडणुकीचं भरारी पथक आलं. गाडीतून एक साहेब उतरले, मागे कॅमेरावाला.

“इथे मतदारांना मोफत कपडे शिवून देताय का?”

मल्लिकार्जुनचा चेहरा पडला. हात जोडलेलेच होते, ते तसेच राहिले. मोफत काही दिलं म्हणजे आमिष, आणि आमिष म्हणजे गुन्हा. एवढं मलाही माहीत होतं. मेव्हणा बुडाला असता आणि त्याच्याबरोबर राजकन्येचं मशीन पंचनाम्यात जमा झालं असतं. सोमवार तर दूरच, पुढची दिवाळीही त्याला दिसली नसती.

“मोफत?” मी म्हणालो. “मोफत कशाला साहेब? माझ्या मुलीचं शिलाईचं काम आहे. पैसे घेऊन शिवतो.”

“दर काय?”

दर मला ठाऊक नव्हता. घाबरलेला माणूस मोठा आकडा सांगतो, तसा मी सांगितला. माझ्या लग्नातल्या सुटाची शिलाईही तेवढी झाली नव्हती. भोवतीच्या बायकांत कुजबुज झाली. मला वाटलं, आता सगळ्या कपडे परत मागतील. तर ती आजी शेजारणीला म्हणाली, “एवढा भाव हाय म्हंजे हात चांगला असंल.”

साहेबांनी दोन पावलं मागे सरून टेम्पोकडे नीट पाहिलं. “म्हणजे हे दुकान आहे. मग उमेदवाराच्या गाडीवर कसं? काका, एकच काहीतरी ठेवा. हे चिन्ह असेल तर कपडे परत करा. दुकान असेल तर मशीन खाली उतरवा.”

मल्लिकार्जुन माझ्याकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला अशा दोन गोष्टींतली एक निवडायला सांगत होतं, ज्यांतली एक मला खरोखर हवी होती.

“दुकान आहे,” मी म्हणालो.

मशीन ऑटोत मावेना, म्हणून हातगाडीवर घातलं. मी पुढे, मागे हार घातलेलं मशीन आणि त्याच्यामागे आपापल्या कपड्यावर नजर ठेवून चालणाऱ्या बायका. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. मल्लिकार्जुनच्या सगळ्या प्रचारातली ही सर्वांत मोठी मिरवणूक होती आणि तीत तो नव्हता.

पुनम दारात आली. तिने आधी मशीनवर हात फिरवला, हार काढला, पायडल एकदा दाबून पाहिलं. मग तिने माझ्यामागची रांग पाहिली.

“हे काय, बाबा?”

“गिऱ्हाइकं.”

“भाव काय सांगितलाव?”

मी सांगितला. तिने काढलेला हार माझ्या हातात दिला. मग ओढणी खोचून बायकांकडे वळली. “मावशी, आधी नवरीचं काम हाय. तुमचं सगळं मतदान झाल्यावर. अन् बाबांनी भाव चुकून डबल सांगितलाय, निम्मा धरा.” निम्म्या भावाने बायका इतक्या खूश झाल्या की जाताना आणखी दोघीतिघी आपली मापं देऊन गेल्या.

तिने ब्रशने कुंकू काढलं, तेल घातलं, चाकावरची वादी ताणून बसवली. दिवे लागायच्या वेळेला घरात मशीनचा आवाज सुरू झाला. तो आवाज थांबला की मला पूर्वी वाटायचं, आता जेवायला हाक येणार. त्या दिवशीही तो मध्येच थांबला. पण पुनम नुसती दोरा बदलत होती.

रविवारी मी तिला म्हणालो, मलाही काहीतरी दे. चूक माझी होती, भरपाई व्हायला हवी होती. तिने थोडा विचार करून मला दारात स्टूल दिलं, शिवून झालेला लग्नातला ब्लाउज, सुईदोरा आणि हुकांची डबी. “पाठीवर खुणा केल्यात. तिथंतिथं लावा. उठू नका.”

प्रचाराचा शेवटचा दिवस होता. दुपारी मल्लिकार्जुन टेम्पो घेऊन पुन्हा दारात. “दाजी, फक्त एक चक्कर. पथक आज देवणीच्या रस्त्याला हाय.” मी सुई ओठांत धरली होती आणि दोन्ही हात हुकात गुंतले होते. मला ‘हो’ म्हणताच आलं नाही. तो म्हणाला, “ताईची आठवण काढा दाजी.” मी काढली, पण तोंडात सुई होती. दारही माझ्यामुळे अडलं होतं. तो उभा राहिला, आत चालत्या मशीनचा आवाज ऐकला आणि हळूच म्हणाला, “चालू हाय व्हय. मग राहू द्या,” आणि गेला. नकार असा असतो हे मला या वयात समजलं.

सोमवारी सकाळी पाचही ब्लाउज प्रियदर्शनीच्या घरी पोचले. मंगळवारी मतदान झालं, बुधवारी निकाल लागला. कावेरीबाई निवडून आल्या आणि त्यांनी निरोप पाठवला, कुकर लकी हाय, परत मागू नका. शेठ पडले. खाट आली. मल्लिकार्जुनही पडला, पण फार थोडक्यात. तो म्हणाला, दाजी, आणखी एक चक्कर झाली असती ना. मी त्याला जेवायला थांबवून घेतलं. पुनमने मामाच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण न मागता लावून दिलं.

गुरुवारी लग्नात प्रियदर्शनी बोहल्यावर उभी राहिली तेव्हा माझी नजर फक्त तिच्या पाठीवर होती. (हे वाक्य चुकीचं वाटेल, पण मी हुक बघत होतो.) एका रेषेत, एकही वाकडा नाही. शेजारी नवनिर्वाचित नगरसेविका कावेरीबाई बसल्या होत्या. ते हुक मी लावलेत, हे त्यांना मी सहज सांगितलं, थोड्या वेळाने सांगितलं, जेवताना पुन्हा सांगितलं. मल्लिकार्जुनलाही सांगितलं. नवरदेवाच्या काकांना सांगायला उठलो तेव्हा पुनमने माझा सदरा मागून धरला.

“बाबा, बसा. ते सगळे हुक मी उसवून परत लावलेत. तुमचे वरचे खाली अन् खालचे वर लागले होते.”

“मग मला दिवसभर बसवलं कशाला?”

“दारात कुणीतरी बसायला पाहिजे होतं. अन् तुमचे हात रिकामे असले की तुम्ही घरातलं काहीबी उचलून देता.”

हे तिने रागाने म्हटलं नाही. तिच्या हाताला आता इतकं काम आहे की रागाला वेळ नाही. मिलमधून आलो की ती मला अजूनही स्टुलावर बसवते, सरावासाठी. सरावाला दिलाय माझ्याच उशीचा अभ्रा. एका कडेला हुकांची रांग झाली, आता दुसरी चालू आहे.

रोज सकाळी मिलमध्ये शेठ माझ्या तोंडाकडे बघतात.

“मुनीम, गालावर काय उठलंय?”

“डास चावला, शेठ.”

शेठ चष्मा वर करून जवळ येतात. “ओळीनं चावला?”