पहिले मी पडसू

आमच्याकडचे भिकननाना रोज सकाळी पडायचे. चुकून नव्हे, ठरवून. पांढरा पायजमा, कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, अशा साखरपुड्याला निघाल्यासारख्या वेषात ते दोन मजली बुरुजावर चढायचे, टोपी काढून सदऱ्यात खोचायचे आणि खालच्या गाद्यांवर पाठ टेकवायला स्वतःला हवेत झोकून द्यायचे. धप्प असा आवाज आला की कॅन्टीनवाला चहाचं आधण ठेवायचा. त्याला घड्याळाची गरज नव्हती.

धुळ्याच्या अलीकडे हायवेला लागून जे मनोरंजन पार्क आहे, तिथे मी तिकीटखिडकीवर बसते. आमच्याकडे पाळणे आहेत, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, लहान मुलांची आगगाडी आहे आणि शेवटी पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये ‘डाकूंचा किल्ला’ हा खेळ आहे. प्लायवूडचा किल्ला, डाकूंच्या तावडीत सापडलेली राणी, मग मारामारी. राणी बुरुजावरून उडी घेऊन निसटते आणि तिच्यामागे एकेक डाकू खाली कोसळतो. पहूर, बोदवडहून शाळांच्या सहली येतात. डाकू पडला की मुलं इतकी ओरडतात की माझ्या खिडकीची काच वाजते.

कोसळणाऱ्या या सगळ्या मंडळींना संध्याकाळी धडधाकट घरी पाठवायचं, हे नानांचं काम. दोर, पट्टे, गाद्या सगळं त्यांच्या ताब्यात. त्यांचा नियम एकच होता आणि तो ते त्यांच्या अहिराणीत सांगायचे, “पहिले मी पडसू, मंग तुम्ही.” आधी मी पडेन, मग तुम्ही. बुरुजावरची फळी बदलली, नाना पडले. गाद्यांची जागा हातभर सरकली, नाना पडले. एकदा पार्कच्या मालकांनी, शेठजींनी, किल्ल्याला नुसता रंग दिला, तरी नाना पडून आले. रंग ओला होता. त्या दिवशी ते पाठीवर हिरवा पट्टा घेऊन पार्कभर फिरत होते.

गाद्यांच्या खाली ते पुठ्ठ्याची रिकामी खोकी लावायचे. अंगाखाली खोकी दबत जातात आणि पडण्याचा जोर आपल्या पोटात घेतात, असं त्यांनी मला समजावलं होतं. आमच्या भागात केळ्यांना तोटा नाही, तेव्हा खोक्यांनाही नाही. पण नानांना कुठलंही खोकं चालायचं नाही. ते आधी वास घ्यायचे, मग टिचकी मारायचे, मग कानाशी धरायचे. दमट निघालं तर नवरी नाकारावी तसं मान हलवून बाजूला ठेवायचे. आम्ही नवा फ्रिज घेतला तेव्हा नाना अगदी आठवणीनं घरी आले. पेढा खाल्ला, फ्रिजकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि त्याचं खोकं डोक्यावर घेऊन आनंदानं निघून गेले. माझ्या सासूबाई नंतर कितीतरी दिवस विचारत होत्या, ते गृहस्थ नेमके कशासाठी आले होते.

त्यांची दुसरी खोड याहून विचित्र. खेळ सुरू होण्याआधी ते प्रत्येकापुढे उभे राहून विचारायचे, “भ्याव वाटस का?” भीती वाटते का? ज्याला वाटते त्याला वर जायची परवानगी. ज्याला वाटत नाही त्याला खाली बसायची शिक्षा. जळगावहून एक व्यायामशाळेतला तरुण डाकूच्या कामाला आला होता. दंड असे की सदऱ्याच्या बाह्या फाटायला आलेल्या. पहिल्याच दिवशी तो छाती काढून म्हणाला की आपल्याला भीतीबिती काही वाटत नाही. नानांनी शांतपणे त्याच्या कमरेचा पट्टा सोडला आणि बाकीच्यांना सांगितलं, “याले आगगाडीवर धाडा.” पुढचे काही दिवस तो पहिलवान लहान मुलांच्या आगगाडीत शिट्टी फुंकत होता. शेठजींकडे तक्रार करून झाली, रुसून झालं. शेवटी एका सकाळी तो नानांजवळ येऊन खाली बघत म्हणाला की वर गेलं की पोटात गोळा येतो. नानांनी त्याला चहा पाजला आणि स्वतःच्या हातानं पट्टा बांधला.

राणीचं काम करणाऱ्या छायाला मात्र त्यांना कधी विचारावं लागलं नाही. ती स्वतःच सांगायची, “नाना, आज लई भीती वाटतेय,” आणि हसत हसत वर चढायची. छाया धुळ्याचीच. शाळेत असताना मल्लखांब करायची. वडील नाहीत, आई घरी ब्लाउज शिवते. नाना तिच्याशी इतरांपेक्षा जास्त बोलत असं नाही. फक्त तिच्या पट्ट्याची गाठ ते एकदा बांधून सोडायचे आणि पुन्हा बांधायचे.

मग आमच्याकडे सोनवणे मॅडम आल्या. पार्कमधल्या सुरक्षेचं सगळं बघायला शेठजींनी त्यांना नेमलं होतं. नाशिकला शिकलेल्या, वयानं तरुण, चालणं भरभर. आता नानांशी यांचं जुंपणार असं आम्ही सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, पण झालं उलटंच. मॅडम पहिल्याच दिवशी प्रत्येक दोर ओढून बघत निघाल्या आणि नाना त्यांच्या मागे मागे, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे. एक दोर मॅडमनी बाद केला. तो नानांनी आदल्याच दिवशी चांगला म्हणून ठेवला होता. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिला, आपली चूक मान्य केली आणि तिथल्या तिथे कापून टाकला.

मॅडमनी हवेची मोठी गादी मागवली. पंखा लावला की ती फुगायची. नाना तिला फुगा म्हणायचे. सवयीप्रमाणे ते तिच्यावर पडले, बराच वेळ वरच्या पत्र्याकडे बघत लोळले आणि उठून म्हणाले, “बरा शे. पन बोलत नही.” खोकी दबताना करकरायची आणि कुठलं दबलं, कुठलं नाही ते त्यांना आवाजावरून कळायचं. फुगा मुका होता. तरी चांगला आहे हे त्यांनी कबूल केलं आणि आपली खोकी मागच्या खोलीत नेऊन रचली. त्याच खोलीत ते राहायचे. खाट, स्टोव्ह, एक ट्रंक आणि आता छपरापर्यंत खोकी.

खरा घोटाळा त्यानंतर झाला. मॅडमनी सांगितलं की आजपासून नाना बुरुजावर चढणार नाहीत. नानांचा उजवा खांदा आधीच कामातून गेला होता. सदरा घालताना ते आधी डाव्या हातानं उजवा हात उचलायचे, मग तो बाहीत सरकवायचे. हे आम्ही रोज बघत होतो, पण मॅडमनी ते पाहिलं आणि त्यावर काहीतरी केलं. गादीची परीक्षा यापुढे माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं टाकून घ्यायची, असं ठरलं.

नानांनी विचारलं, “पोतं सांगी का, कोठे लागनं ते?”

“नाही सांगणार,” मॅडम म्हणाल्या, “पण त्याचा खांदाही निखळणार नाही.”

नाना भांडले नाहीत. त्यांनी फक्त पोत्याशी अबोला धरला. ते वर न्यायची वेळ झाली की हे उठून आगगाडीकडे जाऊन बसायचे, पाठ किल्ल्याकडे करून. धप्प झालं की त्यांचे खांदे किंचित हलायचे. कॅन्टीनवाल्यानं चहा नेऊन दिला तर घ्यायचे, पण हातातच गार होऊ द्यायचे. आम्ही हसायचो. म्हातारपणी खेळणं काढून घेतल्यावर माणूस असाच रुसणार, असं आम्हाला वाटत होतं.

दिवाळीच्या सुट्टीसाठी शेठजींनी किल्ला आणखी एका मजल्यानं वाढवला. छायाला आता तिथून उडी घ्यायची होती. मॅडमनी आठवडाभर काम तपासलं. पोतं पुन्हा पुन्हा टाकून पाहिलं. सगळं ठीक होतं. सुट्टीच्या पहिल्या सकाळी छाया सराव करायला लवकर आली, तर शेडमधला पंखा चालू आणि गादीच्या कडेला नाना बसलेले. चेहरा पांढराफटक, डाव्या हातानं उजवं कोपर घट्ट धरलेलं. तिनं काही विचारायच्या आत तेच म्हणाले की फुगा चांगला आहे, तू बिनघोर उडी घे.

गादीचा खरंच काही दोष नव्हता. वरून निघताना नानांचा दुखरा हात कठड्याला अडकला, अंग फिरलं आणि ते खांद्यावर आले. छायाची हाक ऐकून आम्ही धावलो. पार्कच्या गाडीतून त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर छायानं त्यांचा हात हलू नये म्हणून मांडीवर उशी ठेवून धरला होता. डॉक्टरांनी निखळलेला खांदा बसवला, हात गळ्यात बांधला आणि काही आठवडे काहीही उचलायचं नाही म्हणून बजावलं. तोवर मागून मॅडम आल्या. त्यांनी त्या दिवसाचा खेळ बंद केला होता आणि शेठजींनी गर्दीचं कारण सांगितलं तरी ऐकलं नव्हतं.

मॅडम रागावलेल्या होत्या, पण आवाज त्यांनी चढवला नाही. नियम माहीत असताना वर का गेलात, एवढंच विचारलं. नाना आधी पायजम्यावरची धूळ झटकत राहिले. मग हळूहळू सांगू लागले.

ते लहान होते तेव्हाच आईवडील गेले. गावात जत्रेसाठी एक खेळवाला आला होता. उंच शिडीवरून पाण्याच्या हौदात उड्या मारायचा खेळ. त्याच्याबरोबर नाना निघून गेले. नव्या गावात शिडी उभी राहिली की ती नीट बसली आहे की नाही, हौदात पाणी पुरेसं आहे की नाही, हे कोणीतरी उडी मारूनच बघायचं असे. मालक नेहमी भिकनलाच पाठवायचा. सगळ्यांसमोर म्हणायचा की याला आधी जाऊ द्या, याच्यामागे रडणारं कोणी नाही. नानांना त्यात वाईट काही वाटलं नव्हतं. उलट आपल्याला एक काम मिळालं असंच वाटलं होतं. लग्न केलं नाही, घर केलं नाही. खेळ बंद पडला, मालक गेला, नाना आमच्याकडे आले, पण ते वाक्य त्यांनी खरं मानून बरोबर आणलं होतं.

“ह्या बठ्ठासले घर शे,” ते छायाकडे न बघता म्हणाले. या सगळ्यांना घर आहे. “मी गऊ ते एक खोली खाली हुई, बस.”

मॅडम स्टूल ओढून त्यांच्या समोर बसल्या.

“नाना, ते नियम मी पार्कमध्ये काम करणाऱ्या माणसांसाठी केलेत,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पण पार्कमध्ये काम करता.”

नानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांना कोणी अनोळखी भाषेत काही सांगितलं आहे. आणि पुन्हा पायजमा झटकू लागले, आता तिथे धूळ नव्हती तरी.

छायानं त्यांची टोपी उचलली, त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, “आता गपचूप आमच्या घरी चला. आईला फोन केलाय. तिनं भाजी टाकली पण.”

नानांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. स्टोव्हचं नाव सांगितलं, ट्रंकेचं सांगितलं, खोक्यांना उंदीर लागतील म्हणाले. छायानं एकही ऐकलं नाही.

पंधरवडा उलटल्यावर मी त्यांना भेटायला गेले. छायाचं घर एका अरुंद गल्लीत आहे. संध्याकाळ होत आली होती. आत छायाची आई मशीनवर बसली होती. मला बघून हसली आणि डोळ्यांनीच बाहेर खुणावलं. आपले पाहुणे या वेळेला घरात सापडत नाहीत, म्हणाली.

नाना गल्लीच्या तोंडाशी उभे होते. हात गळ्यात, टोपी नीट, नजर मोठ्या रस्त्यावर. रिक्षा थांबली की पुढे व्हायचे, दुसरंच कोणी उतरलं की मागे यायचे. मी जवळ जाऊन तब्येत विचारली. त्यांनी खांदा बरा असल्याचं सांगितलं, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. आज सुट्टीची गर्दी असेल, छायाला थोडा उशीर होईल, असं मी म्हटलं. सगळं मॅडम स्वतः तपासतात, तेही सांगितलं.

त्यांनी मान हलवली. मग डावा हात पोटावर ठेवून म्हणाले, “इतला वरीस पडनू ताई, पन पोटमा असं कधी व्हयनं नही.”

मीही त्यांच्याबरोबर रस्त्याकडे बघत उभी राहिले. दिवे लागले. दोन रिक्षा नुसत्याच गेल्या. तिसरी थांबली आणि तिच्यातून छाया उतरली, खांद्याला पिशवी, केसांत अजून राणीच्या मुकुटाची टिकली अडकलेली. सुट्टे शोधत ती रिक्षावाल्याशी बोलत होती. तिनं आम्हाला पाहिलं नव्हतं.

नानांनी मोठा श्वास सोडला. “सांगू नको तिले,” माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, आणि गळ्यातला हात सांभाळत असे झपाझप घराकडे निघाले की मला गाठता येईना. मी आणि छाया दारात पोचलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. छातीवर उघडा पेपर. दम लागल्यामुळे तो जोरजोरात वरखाली होत होता.

“उनी का?” आलीस का, असं त्यांनी मान वर न करता विचारलं. “माले वाटनं, आज लवकरच उनी तू.”