दाराशेजारची खुर्ची

आमच्या सदाशिव पेठेतल्या इमारतीत माझ्या समोर राहणारे घाटपांडे दर रविवारी नाटकाला जातात आणि बहुधा एकही नाटक पुरते पाहत नाहीत. त्यांचे तिकीट शेवटच्या रांगेतले, दाराशेजारच्या खुर्चीचे. मूल रडले, की ते उठतात आणि पालकांपाशी वाकून म्हणतात, "आपण नाटक बघा. चिरंजीवांना मी बाहेर बघतो." कोणी विश्वासाने मूल देते, कोणी संशयाने मागोमाग येते.

संगणक कंपन्यांनी शहरात नवी जोडपी आणली. त्यांच्या घरी आजी-आजोबा नसल्याने मुले नाटकाला येऊ लागली आणि घाटपांड्यांचे काम वाढले. एकदा नायक शेवटचे श्वास मोजत असता एका मुलाने खणखणीत विचारले, "मम्मी, हे अंकल अजून किती वेळ मरणार?" घाटपांड्यांनी त्याला बाहेर नेऊन समजावले, "शंका रास्त आहे. पण मरणाऱ्याला ऐकू जाते."

"काका, तुमचं नाटक चुकतंय!" मुलाची आई ओशाळून म्हणाली.

"माझं पाहून झालंय."

तो पुण्यातला पहिलाच प्रयोग होता.

मी तीस वर्षे शिक्षक होतो. न राहवून म्हणालो, "अहो, शिस्त लावणे हे पालकांचे काम. आपण तिकीट काढून पहारा का देता?"

ते म्हणाले, "हौशी नाट्यस्पर्धेत आमची ही, मालती, नायिका होती. मी पहिल्या रांगेत, सात महिन्यांचा समीर मांडीवर. तालीम ती घरी माझ्यासमोरच करायची, त्यामुळे तिची सगळी वाक्यं मला पाठ. ती बोलेल ते मी ओठांतल्या ओठांत म्हणत होतो. पोर रडतंय, लोक वळून बघताहेत, मला ऐकूच आलं नाही. तिला आलं. वाक्य अर्धं सोडून ती समीरकडे बघत राहिली. लोक हसले. त्यानंतर ती रंगमंचावर गेली नाही."

"समीरला ठाऊक आहे?"

"नाही. कळूही द्यायचं नाही. आपल्या रडण्यानं आईचं नाटक सुटलं, असं त्याच्या मनात यायला नको."

मालतीबाई गेल्या, त्यानंतरच्या डिसेंबरात समीर तीन वर्षांच्या सईला घेऊन बंगळुरूहून आला. आम्ही चौघे प्रयोगाला गेलो. पहिल्याच अंकात सई रडली आणि समीर उठण्याआधी आजोबा तिला घेऊन बाहेर गेले. मध्यंतरात आम्ही बाहेर गेलो तेव्हा ती त्यांच्या खांद्यावर झोपली होती.

समीरने विचारले, "बाबा, कपाटात आईचा नाटकातला फोटो सापडला. काय सुंदर दिसते! मग सोडलं का तिनं?"

मी जमिनीकडे पाहू लागलो.

"अरे, वाक्यं पाठ होत नसत तिची," घाटपांडे म्हणाले.

समीर खळखळून हसला. "आईची? मला कधी बोलली नाही!" घंटा झाली, तसा तो हसतच आत गेला.

घाटपांडे सईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मालतीला फार लागलं असतं हो," ते मला म्हणाले. "पाठांतरात तिचा एक शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही."

दार बंद झाले. मी आत गेलो नाही.