पर्यटकांचं सर्वांत आवडतं ठिकाण

राष्ट्रीय उद्यानाच्या तिकीट खिडकीतल्या मावशींनी त्या दिवशी डबा उघडता उघडता जाहीर केलं, "यंदा फाटकापाशी संडास उभा राहतो की नाही, बघाच." ऐकायला फक्त फाटकवाला होता, आणि तो हे एकोणीस वर्षं ऐकत आला होता.

मावशींचं दुखणं साधं होतं. खिडकी सकाळी सहाला उघडायची, संध्याकाळी सहाला मिटायची, आणि मधल्या बारा तासांत जायला जागा नव्हती. म्हणून त्या पाणीच प्यायच्या नाहीत. मुतखडा दोनदा झाला. डॉक्टरांनी शेवटी हात जोडले, "बाई, पाणी प्या हो." डॉक्टरांना बोलायला काय जातंय? त्यांच्या दवाखान्यात दोन होते.

अर्ज केला की उद्यानाचे साहेब म्हणायचे, "मावशी, तिकिटाच्या शंभरातले ऐंशी आपल्याकडे राहतात, कबूल. पण ते पर्यटकांच्या सोयीसाठी. तुम्ही कुठे पर्यटक आहात?"

मग मावशींनी डोकं लढवलं. महिनाभर अभिप्रायाच्या वहीत, कधी डाव्या हातानं तर कधी हिरव्या शाईनं, 'एक निवृत्त शिक्षक', 'त्रासलेले आजोबा', 'नवविवाहित जोडपं' अशा सह्या करून त्यांनी मागणी लावून धरली. साहेब हेलावले. संडास झाला. फक्त फाटकाबाहेरची जमीन रस्तेवाल्यांची, तिथे उद्यानाचा पैसा लावता येत नाही, म्हणून तो फाटकाच्या आत वीस पावलांवर झाला. मावशींना काय, पास होता. त्या दिवशी त्या तीन बाटल्या पाणी प्यायल्या आणि चारदा जाऊन आल्या. दोनदा तर गरज नसताना.

पण इथेच माशी शिंकली.

हमरस्त्यावरच्या गाड्यांना संडासाची पाटी दिसू लागली. माणसं धावत यायची.

"ताई, लवकर."

"तिकीट शंभर."

"अहो, मला प्राणी नाही बघायचेत."

"नका बघू. तिकीट घ्या."

शंभर टेकवून आत, पाच मिनिटांत बाहेर. पाच महिन्यांत वसुली बारापट झाली.

मुख्य कार्यालय चक्रावलं. फाटकावरचं यंत्र आत-बाहेरच्या वेळा टिपायचं. त्यावरून निघालं की रोजच्या बाराशे पर्यटकांपैकी अकराशे जेमतेम वीस पावलं जातात आणि तृप्त होऊन परततात. एवढं आहे तरी काय तिथे? खास एक अधिकारी बाई पाहायला आल्या. नकाशा धरून त्या नेमक्या जागी उभ्या राहिल्या, चारी बाजूंना नजर फिरवली आणि कडाडल्या, "उद्यानातल्या सर्वांत लोकप्रिय ठिकाणी हे शौचालय कुणी बांधलं?"

साहेब बुटांकडे बघू लागले. मावशींनी खिडकीतून मान बाहेर काढली. "बाई, लोक संडासालाच येतात हो."

"रोज अकराशे? शंभर-शंभर देऊन?" बाईंना मावशींची कीव आली. "असं अहवालात लिहिता येतं का?"

नाही आलं. पैसा वर्षअखेर खर्च झाला नाही तर परत जाणार, आणि नियमाप्रमाणे तो पर्यटक जास्त जातात तिथेच लावायचा. तीन आठवड्यांत संडास पाडून त्या जागी पाचमजली निरीक्षण मनोरा उभा राहिला. भिंत पाडताना मावशी चक्क रडल्या. साहेबांना वाटलं, आनंदानं.

अजूनही कुणीतरी गाडी थांबवून, पोट धरून येतं. "ताई, संडास?"

मावशी शांतपणे तिकीट फाडतात. "मनोऱ्यावर चढा. टेकडीपलीकडे पेट्रोल पंप आहे, त्याच्या मागचा वरून स्पष्ट दिसतो."

लोक चढतात, बघतात आणि धावत सुटतात. वसुली काही उतरलेली नाही. मावशीही सकाळी एकदा चढून बघून येतात. पुढचे बारा तास मग तेवढ्यावरच काढतात.