लिफ्टवाल्याशी दृढ संबंध

बाहेरच्या पुरवठादारांशी सलोख्याचे आणि फलदायी संबंध जोडावेत, असा निर्णय आमच्या कंपनीच्या एचआर विभागाने सोमवारी सकाळी घेतला. त्याच दुपारी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत अकाउंट्सचे काका होते. ते चहावर चहा झालेली बैठक आटोपून वरच्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाकडे निघाले होते. त्यामुळे प्रकरण थोडे तातडीचे होते.

लिफ्टवाला हत्यारांची पेटी घेऊन धावत आला. एचआरच्या मॅडमनी त्याला दारातच अडवले.

"असं परस्पर कामाला लागू नका. आजपासून तुम्ही आमचे भागीदार आहात."

"बरं. माणूस बाहेर काढतो, मग होतो भागीदार."

"नाही हो. आधी नातं, मग काम. धोरणच तसं आहे."

त्याला सभागृहात नेण्यात आले. टाळ्या वाजवण्यासाठी आम्ही सगळे आधीच हजर होतो. परिचयसत्रात मॅडम म्हणाल्या, "स्वतःबद्दल कुणालाच माहीत नसलेलं काहीतरी सांगा."

"वर माणूस अडकलाय."

"ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरं सांगा."

तेवढ्यात काकांचा मला फोन आला. "आला का तो?"

"आलाय, काका. लहानपणाबद्दल सांगतोय."

पलीकडून दबक्या आवाजात प्रश्न आला, "किती मोठं आहे रे त्याचं लहानपण?"

पुढचे सत्र परस्परविश्वासाचे होते. भागीदाराने डोळे मिटून मागे पडायचे आणि विभागाने त्याला झेलायचे. लिफ्टवाला पडला. दुसरा कोणीतरी झेलेल, यावर विभागातल्या प्रत्येकाचा पूर्ण विश्वास असल्यामुळे तो थेट फरशीवर आपटला आणि कंबर धरून तिथेच राहिला.

"विश्वास तर दिसला," मॅडम म्हणाल्या. "समन्वयाचं पुढच्या वेळी बघू."

आता फक्त अभिप्राय उरला होता. तो सेवा घेणाऱ्यानेच द्यायचा असतो, म्हणून काकांना फोन लावण्यात आला.

"काका, लिफ्टवाल्याशी आपले संबंध कसे वाटले?"

"उत्तम. अगदी घरच्यासारखे. अहो बाई, आता दार उघडा."

यातले 'घरच्यासारखे' तेवढे मॅडमनी सभागृहाला दोनदा ऐकवले आणि उपक्रम यशस्वी झाल्याचे जाहीर केले.

जखमी भागीदाराला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून निरोप दिला आणि दुसरा लिफ्टवाला बोलावला. तो अगदीच नवा निघाला, तेव्हा नाते पहिल्यापासून जोडणे भाग होते. हे लिहीत असताना त्याचे लहानपण चालू आहे. काकांनी फोन करणे थांबवले आहे. त्यावरून आता तातडीचे काही उरले नसावे, असा विभागाचा अंदाज आहे.

तुम्ही म्हणाल, सभागृहात एवढी माणसे होती, एकानेही उठून त्या लिफ्टवाल्याला हाताला धरून वर का नेले नाही? प्रश्न रास्त आहे. मागच्या रांगेत काही खुर्च्या रिकाम्या आहेत. या, बसा, आणि मॅडम तुमच्याकडे बघत असताना सगळ्यांच्या आधी उठून दाखवा.