डिकीतल्या मेट्रनबाई

“गाडीचं दार उघडायला मला दुसऱ्या माणसाची गरज लागणार असेल, तर मी गाडी विकून बैल घेईन,” मेट्रनबाईंनी सकाळच्या चहालाच जाहीर केलं.

समोर त्यांचा जावई बसला होता. गाडी दुरुस्तीवाल्याला दाखवूया, एवढंच तो बिचारा बोलला होता. पण मेट्रनबाईंना सूचना देणं म्हणजे फणसाला मिठी मारणं. उभी हयात त्यांनी ऑपरेशन थिएटरात काढली होती. मोठमोठे सर्जन त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे राहत. त्यांच्या राज्यात पोटात कधी बोळा राहिला नाही, की टेबलावरची कात्री हरवली नाही. आणि अशा बाईच्या एकुलत्या एका लेकीने लग्न केलं ते फरशा विकणाऱ्या माणसाशी! आता माय-लेकी आणि जावई एकाच घरात राहत होते आणि मेट्रनबाईंचा सगळा वॉर्ड म्हणजे तो एकटा जावई होता.

गाडी त्यांनी नुकतीच एका निवृत्त सर्जनकडून घेतली होती. जुनी, पण धडधाकट. तिच्या दारावर काचेच्या कडेला पाच बटणं होती. बटणं पाच आणि आकडे दहा, म्हणजे एकेका बटणावर दोन-दोन आकड्यांची दाटीवाटी. पाच आकड्यांचा गुप्त क्रमांक दाबला की दार किल्लीशिवाय उघडत असे. तो क्रमांक मात्र सर्जनने दिलाच नव्हता.

“त्यांना फोन करून विचारूया का, आई?”

“त्या माणसाला? त्याला स्वतःचे हातमोजे सापडायचे नाहीत. मी हातात द्यायचे तेव्हा त्याची बोटं आत जायची. पुस्तिकेत लिहिलंय, कारखान्याचा मूळ क्रमांक डिकीच्या झाकणाला आतून चिकटवलेला असतो. वाचता येतं मला.”

त्या दिवशी घाई होती. नर्सिंग शाळेत नव्या नर्सना बिल्ले द्यायचे होते आणि मेट्रनबाई प्रमुख पाहुण्या होत्या. भाषणाचे कागद आणि बिल्ल्यांचा डबा असलेली पिशवी त्यांनी चालकाच्या सीटवर ठेवली, तिच्यावर किल्ली टाकली आणि डिकी उघडून त्या बटणांकडे वळल्या.

“शेवटची दोन बटणं एकदम दाबली की सगळी दारं बंद होतात, असं लिहिलंय. बघू.”

दारं बंद झाली. मेट्रनबाईंनी समाधानाने मान हलवली. किल्ली आत राहिली हे जावयाच्या लक्षात आलं, पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही हा घरातला नियम होता.

मग त्या डिकीत शिरल्या. खिशातली छोटी विजेरी पेटवून उताण्या पडल्या. “उजेड फार येतोय. कागद चकाकतोय. झाकण खाली घ्या.”

जावयाने झाकण खाली घेतलं. खट्ट.

जावयाने झाकण ओढून पाहिलं. हललं नाही.

“पूर्ण घ्या म्हटलं होतं मी?” डिकीतून आवाज आला.

“थोडं घ्या असंही नव्हतं म्हटलं, आई.”

“उघडा.”

“किल्ली आत आहे. म्हणजे तुमच्या आत नाही. गाडीच्या आत.” त्याने पत्र्याला कान लावला. “हवा आहे ना तिथे?”

“हवा भरपूर आहे. अक्कल बाहेर कमी पडतेय. क्रमांक दिसलाय मला. दाबा. एक्क्याण्णव, शहाऐंशी, नऊ.”

आता जावई इंग्रजी शाळेत शिकलेला. मराठीत त्याची गाडी पन्नाशीपर्यंत बरी चाले, साठीनंतर खडखडाट. दुकानात फरशा मोजतानाही तो ‘सेव्हंटी थ्री’ म्हणूनच सुटका करून घेई. त्याने एक्क्याऐंशी दाबलं. मग अडुसष्ट दाबलं. मग शहाण्णव. दार ढिम्म.

“आई, शहाऐंशी म्हणजे एटी सिक्स ना?”

“अरे देवा. माझी मुलगी याच्या हवाली केली मी. एकेक आकडा सांगते, तान्ह्या बाळाला भरवतात तसा. नऊ. एक. आठ. सहा. नऊ.”

त्याने पेन काढून क्रमांक तळहातावर इंग्रजी आकड्यांत लिहून घेतला आणि एकेक बटण नीट दाबलं. दार उघडेना. पुन्हा दाबलं. सगळी बटणं विझून गेली.

“आई, बटणं झोपली.”

“चुकीचं दाबून दाबून तुम्हीच झोपवलीत. थांबा जरा, जागी होतील.”

तेवढ्या वेळात जावयाने गाडीपासून लांब जाऊन गुपचूप सर्जनला फोन लावला. परत येऊन तो पत्र्याशी वाकला.

“आई, रागावू नका. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ‘ती बटणं होय? मला वाटायचं शोभेची आहेत.’”

डिकी गदगदली. मेट्रनबाई हसत होत्या. “शोभेची म्हणे. तरी मी सांगत होते.” आणि त्या आनंदात फोन केल्याचा गुन्हा माफ झाला.

बटणं पुन्हा उजळली. जावई तळहाताकडे टक लावून बघत राहिला. दुकानात त्याला एका तक्रारीची सवय होती: गिऱ्हाईक नक्षीची फरशी उलटी बसवून घेतं आणि मग नक्षी चुकीची दिली म्हणून भांडायला येतं.

“आई, तुमचं डोकं कुठे आहे?”

“जागेवर आहे. तुमच्यासारखं नाही.”

“तसं नाही. सीटकडे डोकं आहे की माझ्याकडे?”

“सीटकडे. का?”

 जावयाने बोटं खाली येतील असा तळहात उलटा फिरवला आणि दिसले ते आकडे दाबले. सहा, नऊ, आठ, एक, सहा. दार उघडलं. त्याने आतली कळ ओढली आणि डिकीचं झाकण वर आलं.

मेट्रनबाई बाहेर आल्या. केसांचा अंबाडा एका कानावर आला होता. त्यांनी तो जागेवर बसवला, कपडे झटकले आणि म्हणाल्या, “इतका वेळ लावलात. पहिल्याच वेळी नीट दाबलं असतंत तर?”

नंतर त्यांनी बंदोबस्त हाती घेतला. झाकणावरचा कागद नखाने सोलून कात्रीने त्याचे बारीक तुकडे केले. चोराचिलटांच्या हाती लागू नये म्हणून जावयाला तळहात धुवायला लावला, तोही सर्जन धुतात तसा, कोपरापर्यंत. “आणि तो आकडा डोक्यातूनही काढून टाका. आता मी माझा स्वतःचा क्रमांक बसवणार.”

ते काम सोपं होतं. मूळ क्रमांक त्यांनी कागद कापण्याआधी सुलटा बघून लक्षात ठेवला होता. तो दाबायचा, लगेच पाच सेकंदांच्या आत पहिलं बटण, मग आपले पाच आकडे. दारांनी खटखट केली की समजायचं, गाडीने मान्य केलं. मेट्रनबाईंनी मूळ क्रमांक दाबला आणि त्यांना दिसलं की जावई बघतोय.

“तोंड करा तिकडे. दुसऱ्याच्या कुलपात डोकावायची ही कसली सवय? तुमच्या घरी शिकवलं नाही का कुणी? अजून जरा. पूर्ण भिंतीकडे.”

मग त्यांनी सावकाश पुढची बटणं दाबली. खटखट काही झाली नाही. गाडीची परवानगी घेण्याची मेट्रनबाईंना सवय नव्हती.

वाटेत लेकीचा फोन आला. “काही नाही गं,” मेट्रनबाई म्हणाल्या. “तुझ्या नवऱ्याला आकडे येत नाहीत, एवढंच.” गाडी चालवणारा नवरा समोर रस्त्याकडे बघत राहिला.

नर्सिंग शाळेच्या दारात प्राचार्या गुच्छ घेऊन उभ्या होत्या. मेट्रनबाई उतरल्या, पाठोपाठ जावईही उतरला. किल्ली त्यांनी मुद्दाम आत पिशवीवर टाकली आणि शेवटची दोन बटणं एकदम दाबली. “आता किल्ली बाळगायचे दिवस संपले,” त्या प्राचार्यांना म्हणाल्या. “बघा हं.”

त्यांनी आपला क्रमांक दाबला. पुन्हा दाबला. प्राचार्या गुच्छ या हातातून त्या हातात घेत बघत राहिल्या. भाषणाची आणि बिल्ल्यांची पिशवी काचेतून स्वच्छ दिसत होती.

“तुम्ही व्हा पुढे,” मेट्रनबाई म्हणाल्या. “मी आलेच.”

प्राचार्या गेल्यावर त्यांनी मूळ क्रमांक आठवून पाहिला. पण डोक्यात येई तो डिकीतलाच, नऊने सुरू होणारा. इतक्या वेळा ओरडून सांगितलेला तो घट्ट बसला होता आणि एकदाच बघितलेला खरा पुसून गेला होता.

“तो आकडा काय होता हो?” त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“काढून टाकला, आई. तुम्हीच म्हणालात.”

“काढून टाकला? म्हटलं म्हणून?”

“हो. पण तुम्ही मला आधी जो सांगत होतात, तो आठवतोय का? तो उलटा केला की झालं.”

“मी उलटं काही सांगितलं नव्हतं.”

“बरं,” जावई म्हणाला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी माइकवर त्यांचं नाव घेतलं. मेट्रनबाई तरातरा पायऱ्या चढून दारापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या. मग मागे वळल्या, खाली आल्या, आजूबाजूला बघून घेतलं आणि जावयाच्या कानाशी वाकल्या.

“नऊ. एक. आठ. सहा. नऊ,” त्या पुटपुटल्या.

जावयाने पेन काढलं, तळहातावर लिहिलं, हात उलटा फिरवला आणि दाबलं. दार उघडलं. त्याने पिशवी काढून दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरली.

मेट्रनबाईंनी ती घेतली. डबा आहे, कागद आहेत, सगळं तपासलं. तोंडून चुकून काही बरं निघेल की काय अशा घाईने त्या वळल्या आणि जाता जाता म्हणाल्या,

“हात धुऊन या. असे रंगलेले हात घेऊन पहिल्या रांगेत बसायचं नाही.”