मयत रकान्यातले भोक

सन १९७३ मध्ये आलेल्या एका पत्राला मी नऊ वर्षे उत्तर दिले नाही. पत्र दोन ओळींचे होते. "मी हयात आहे. कृपया कॉम्प्युटरला कळवावे. आपला, लालमहंमद, वेल्डर." उत्तर द्यायला मी योग्य माणूस आहे की नाही, याची मला खात्री नव्हती. अजूनही नाही.

त्या काळी चिंचवडच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरशी बोलायचे ते पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडून. प्रत्येक कामगाराचे एक कार्ड. कोणत्या रकान्यात भोक आहे, यावरून कॉम्प्युटर माणूस ओळखायचा. लालमहंमद यांचे कार्ड उशिरा, एकटेच आले. शिपाई ज्ञानदेव आलेला प्रत्येक कागद टेबलावरच्या तारेत ओवत. हेही ओवले. तार 'मयत' या रकान्यातून आरपार गेली. मी, कार्डांचा कारकून, समोरच बसलो होतो. कार्ड तारेतून काढले, गठ्ठ्यात ठेवले आणि पुस्तकात डोके घातले.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरने लालमहंमद वारल्याचे छापले. व्यवस्थापनाने त्यांच्या पत्नी नजमाबाईंना शोकपत्र धाडले आणि शॉपमध्ये दोन मिनिटे शांतता पाळली. लालमहंमदही वेल्डिंगची ढाल खाली ठेवून उभे राहिले. कोण गेले, हे त्यांना नंतर कळले.

पत्राला उत्तर येईना, म्हणून ते आमचे विभागप्रमुख अर्जुनराव यांच्यापुढे उभे राहिले.

"साहेब, मेलो असतो तर पहिल्या शिफ्टला आलो असतो का?"

"ते ज्याच्या त्याच्या सवयीवर आहे," अर्जुनराव म्हणाले. "कॉम्प्युटरला पत्र वाचता येत नाही, त्याला भोक लागतं. आणि पडलेलं भोक बुजवायची तरतूद नाही."

"मग नवं कार्ड काढा की."

"मयताच्या नावानं? वर काय उत्तर देऊ?"

मार्ग निघाला. मयताच्या नातेवाइकाला अनुकंपा म्हणून नोकरी मिळत असे. लालमहंमद स्वतःच्याच जागी, स्वतःचा भाऊ अजीज म्हणून, हेल्पर लागले. अकरा वर्षांची ज्येष्ठता गेली. मुलाखतीत वेल्डिंग कुठे शिकलात असे विचारल्यावर, भावाचे बघून, असे ते म्हणाले. त्यांच्याकडून एक सांधा जोडून घेण्यात आला. शेरा पडला: भावाची सर नाही.

१९८२ मध्ये कार्डे गेली आणि पडदा व कळा आल्या. आता बोटांनी थेट विचारता येई. त्याच वर्षी, माझ्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी, मी धीर करून लालमहंमद यांचा जुना क्रमांक टंकला. पूर्वी उत्तराला एक दिवस लागे, ते क्षणात आले: मयत. जुनी कार्डे नव्या पद्धतीत बिनचूक उतरवली होती. खाली विचारले होते, दुरुस्ती करायची? मी 'हो' दाबले. पुढचा प्रश्न आला, चूक कोणाची? कर्मचारी क्रमांक लिहा.

मी मागच्या प्रश्नावर परतलो. मग 'नाही' दाबले.

घरी येऊन उत्तर लिहिले. "आपले पत्र मिळाले. आपण हयात आहात. ते भोक तारेचे होते, मी पाहिले होते." खाली सही केली आणि तिकीट लावले. थेरगावात आता त्यांना सगळे अजीजभाई म्हणतात, पोस्टमनसुद्धा. पत्र परत येऊ नये म्हणून पाकिटावर मी तेच नाव घातले आणि पेटीत टाकले. तुम्हीही तेच घातले असते.