सीटखालचं बटण

गाडीला एक चोरबटण बसवायचं, एवढंच बोल्टकाकांनी ठरवलं होतं.

(खिशात हात घातला की रुमालाआधी बोल्ट बाहेर येई, म्हणून सगळी गल्ली त्यांना बोल्टकाका म्हणे.) जन्मभर गोदामात दुसऱ्यांचा माल सांभाळून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःची पहिली गाडी घेतली. ती आधी तिघांनी वापरलेली होती. गाडी हिरवी, ड्रायव्हरचं दार निळं आणि मागे एक पोचा, त्यात पाणी साचलं की चिमण्या अंघोळ करायच्या. पण काकांच्या डोळ्यांना ती नव्या नवरीसारखी दिसे, आणि ही एक दिवस चोर पळवणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

म्हणून त्यांनी दोन दिवस गाडीखाली लोळून ते बटण बसवलं. ड्रायव्हरच्या सीटखाली, हँडब्रेकच्या बाजूला, मॅटच्या आड. एकदा दाबलं की इंजिनाची ठिणगी बंद. मग स्टार्टर नुसता घरघरत राही. पुन्हा दाबलं की चालू. बटण दाबल्यावर परत वर येई, त्यामुळे ते चालू आहे की बंद, हे नुसतं बघून कळत नसे. रात्री गाडी लावली की काका बटण दाबत आणि सकाळी गाडी काढताना पुन्हा दाबत. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नाही. काकूंनाही नाही. सांगितलं तर ते गुपित कसलं?

त्या सकाळी काकूंचा दहावीचा गणिताचा पेपर होता.

लहानपणी सुटलेली शाळा काकूंनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा धरली होती. बाकीचे विषय निघाले, गणित मात्र दोनदा राहिलं. "या खेपेला नाही सुटलं, तर वह्या रद्दीत," असं त्यांनी जाहीर केलं होतं. काकू बोलतील ते करणाऱ्यातल्या. साडेदहाला परीक्षा केंद्राचं फाटक बंद होणार होतं आणि केंद्र वीस मिनिटांवर होतं.

दहाला दहा कमी असताना दोघं गाडीत बसली. काकांनी हळूच सीटखाली हात घालून बटण दाबलं आणि किल्ली फिरवली.

घर्रर्र. घर्रर्र.

"काय झालं हो?"

"काही नाही. थंड आहे जराशी."

काका खाली उतरले. बॉनेट उघडून वायरी हलवून पाहिल्या. परत आल्यावर वाटलं, आपण बटण दाबायलाच विसरलो की काय! पुन्हा हळूच दाबलं आणि किल्ली फिरवली.

घर्रर्र.

"दहाला पाच कमी," काकू म्हणाल्या. हातातली कंपासपेटी खुळखुळत होती.

टॅक्सीवाल्याला फोन लावला, तर तो म्हणाला, अर्धा तास लागेल. काका धावत कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेले आणि मिस्त्रीला हाताला धरून घेऊन आले.

"काका, खरं सांगा. कशाला हात लावलात?"

"शप्पथ, कशालाच नाही."

"मागच्या वेळी असंच म्हणालात, तेव्हा हॉर्न दाबला की वायपर फिरत होते."

मिस्त्रीने बॅटरी पाहिली, प्लग पाहिले. काका शेजारी वाकून उभे, कपाळावर घामाचे थेंब. दहा वाजून गेले. काचेतून काकूंचा चेहरा दिसत होता. त्या पाढे म्हणत होत्या की देवाचं नाव घेत होत्या, कळत नव्हतं.

"बसा आता," मिस्त्री म्हणाला, "आणि मारा सेल्फ!"

काका बसले. काही राहायला नको म्हणून त्यांचा हात सीटखाली गेला.

"अहो, ते बटण दाबू नका!" काकू किंचाळल्या.

पण बटण दाबून झालं होतं. काका गोरेमोरे झाले. "कोणतं बटण?"

"आता पुरे! पहिल्याच आठवड्यात मॅट झटकताना सापडलं मला. तुम्ही एवढे खूश होतात, म्हणून बोलले नाही. आज घोटाळा नको म्हणून सकाळी सातलाच मी ते दाबून ठेवलं. मग तुम्ही दाबलंत. रात्री दाबायलाच विसरला होतात असं वाटून, तुम्ही उतरल्यावर मी पुन्हा दाबलं. तर तुम्ही पुन्हा! मिस्त्री आले तेव्हाही तेच! मी चालू करतेय, तुम्ही बंद करताय!"

त्यांनी हात घालून बटण दाबलं. काकांनी किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

दहा वाजून सहा मिनिटं. मिस्त्रीने बॉनेट आपटलं आणि तो बाजूला झाला. काकांनी जन्मात चालवली नव्हती तशी गाडी चालवली. दोन सिग्नल लागले, तेव्हा दोघांनीही श्वास रोखून धरला. फाटकाच्या अलीकडच्या वळणावर पोचले तेव्हा दहा अठ्ठावीस झाले होते. काकांनी गाडी बंद करून सवयीने बटण दाबलं आणि काकूंची पिशवी घेऊन धूम ठोकली. मागोमाग काकू. त्या आत शिरल्या आणि फाटक लागलं.

पुढचे तीन तास काका समोरच्या झाडाखाली उभे होते. खिडकीत काही दिसत नव्हतं, तरी नजर हलेना. आपल्या एका बटणापायी तिच्या वह्या रद्दीत गेल्या असत्या, हे त्यांना राहून राहून आठवत होतं.

काकू बाहेर आल्या त्या हसतच. "सुटला. शेवटचं गणित तर तुमच्या बटणाचंच समजा. समसंख्या आणि विषमसंख्या." मग थबकल्या. "किल्ली कुठाय?"

काकांनी खिसे चाचपले. रुमाल निघाला, दोन बोल्ट निघाले.

दोघं पळत सुटली. गाडी जागेवर होती. निळं दार सताड उघडं, किल्ली आत लटकलेली. काकांनी बसकण मारली. हात सवयीने सीटखाली गेला, तर तिथं काकूंचा हात आधीच होता.

"नका दाबू," त्या हळूच म्हणाल्या. "उतरताना तुम्ही दाबलंत, मग घाईत मीही दाबलं. चालूच आहे."

"म्हणजे तीन तास ही अशी... तरी कोणी नेली नाही! दैव बलवत्तर!"

केंद्राचा पहारेकरी खिडकीत वाकला.

"तुमची का ही? बेवारस वाटली, म्हणून मी मघाशी भंगारवाल्याला बोलावून दाखवली. तो म्हणाला, फुकटसुद्धा नको."